बेटावरची मासेमारी आणि ज्वालामुखी, दोन्ही दाखवणारे चांगले माहितीपट कोणते?

तुम्ही विचारलंय की ज्वालामुखीच्या सावलीत राहून मासेमारीवर पोट भरणाऱ्या बेटकऱ्यांवर बघण्यासारखे माहितीपट कोणते, आणि लाव्ह्याच्या आतषबाजीपलीकडे त्यांत काही असतं का. असतं. त्यासाठी मी दोनच ठिकाणं सुचवेन: इटलीतलं स्ट्रॉम्बोली आणि आइसलंडच्या दक्षिणेचं हेमाए.

सुरुवात व्हित्तोरिओ दे सेता यांच्यापासून करा. पालेर्मोत जन्मलेल्या या दिग्दर्शकाने १९५४ पासून पुढची काही वर्षं सिसिली आणि आसपासच्या भागात दहा-दहा मिनिटांचे रंगीत लघुपट केले. त्यातला 'ईझोले दी फुओको' स्ट्रॉम्बोलीवरचा. १९५५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. त्या काळी माहितीपट म्हटला की भारदस्त आवाजातलं निवेदन आलंच. दे सेतांनी ते सरळ काढून टाकलं. वारा, लाटा, माणसांच्या हाका, गाणी, डोंगराची घरघर, एवढंच ऐकू येतं. त्यामुळे इटालियन येत नसेल तरी काही अडत नाही.

स्ट्रॉम्बोली सतत धुमसत असतो, रात्री समुद्रावरून त्याची लाली दिसते, म्हणून त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत आले आहेत. अशा ठिकाणी उद्रेक ही बातमी नसते, दिनक्रमाचाच भाग असतो. हे दे सेतांना नेमकं कळलं होतं. डोंगर पेटलेला असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा माणसांकडे वळतो. मला हा लघुपट आवडतो तो याच कारणाने.

त्याच्या जोडीला त्यांचे मासेमारीवरचे लघुपट बघा. 'लू तेम्पू दी ली पिशी स्पाता' सिसिली आणि इटलीच्या मुख्य भूमीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतला आहे: उंच डोलकाठीवर चढून पाण्यात तलवारमासा हेरणारा एक, खाली जीव तोडून वल्हवणारे चौघे-पाच, आणि होडीच्या नाळेवर भाला घेऊन उभा असलेला एक. वरून ओरडून दिशा सांगितली जाते आणि होडी तशी वळते. 'कोन्तादिनी देल मारे'मध्ये ट्यूना पकडायचं प्रचंड जाळं माणसं गाण्याच्या ठेक्यावर वर खेचतात. कोकणात रापण ओढताना पाहिली असेल, तर ती लय तुम्हाला लगेच ओळखू येईल.

हेमाएची गोष्ट वेगळी. तिथे ज्वालामुखी सवयीचा नव्हता. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास, गावाच्या अगदी कडेला जमीन दीड किलोमीटरहून जास्त लांब फाटली. लोकवस्ती सुमारे ५,३००. सुदैव असं की आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीचा सगळा ताफा बंदरात नांगरलेला होता. त्याच बोटींतून गाव त्या रात्री मुख्य भूमीवर गेलं. समुद्र शांत असता तर बोटी बाहेर असत्या, आणि मग काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

आइसलंडचे माहितीपटकार ओस्वाल्डुर क्नुडसेन आणि त्यांचा मुलगा विल्ह्याल्मुर यांनी हा उद्रेक चित्रित केला. 'एल्दुर ई हेमाए' हा माहितीपट त्यातूनच आला. ओस्वाल्डुर यांनी दशकभर आधी शेजारीच समुद्रातून वर आलेल्या सुर्ट्सी बेटाचा जन्मही टिपला होता. १९६३ च्या नोव्हेंबरात तो उद्रेक पहिल्यांदा पाहिला तोही मासेमारी बोटीवरच्या माणसांनी.

हेमाएवरचं काहीही बघताना लाव्ह्यापेक्षा बंदराकडे लक्ष ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. घरं शेकड्याने गाडली गेली, पण बेटावरच्यांना खरी धास्ती होती ती लाव्ह्याने बंदराचं तोंड बुजवलं तर काय याची. घर पुन्हा बांधता येतं. बंदर गेलं की बोटी गेल्या, बोटी गेल्या की बेटावर राहायचं कारणच संपलं. त्यात आइसलंडचं त्याच सुमारास कॉड माशावरून, म्हणजे मासेमारीच्या हद्दीवरून, ब्रिटनशी जोरदार भांडण चालू होतं. देशाच्या मासेमारीचं इतकं मोठं बंदर गमावणं परवडणारं नव्हतं.

म्हणून त्यांनी लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारायला सुरुवात केली. कल्पना थोर्ब्योर्न सिगुर्गेइर्सोन या भौतिकशास्त्रज्ञाची. पुढे सरकणारी कड थंड करून घट्ट करायची, म्हणजे तीच मागच्या लाव्ह्याला बांध होईल. आधी लोक हसले. मग पंप वाढत गेले, अमेरिकेतूनही आणले, गरम लाव्ह्यावरून प्लास्टिकच्या नळ्या टाकल्या. आतून गार पाणी वाहत राहिल्याने त्या वितळत नसत. शेवटपर्यंत सुमारे साठ लाख टन पाणी ओतलं गेलं. ३ जुलैला उद्रेक थांबला तेव्हा बंदराचं तोंड अरुंद झालं होतं, पण उघडं होतं, आणि नव्या लाव्ह्याच्या आडोशाने आत आधीपेक्षा जास्त निवारा मिळू लागला. एक माणूस विषारी वायूने दगावला. लोकांपैकी बरेचसे पुढच्या काही वर्षांत परत आले.

उद्रेकाच्या चित्रणात बारीक गोष्टी शोधा. गोठवलेली मासळी आणि कारखान्यांतली यंत्रं बोटींवर चढवून मुख्य भूमीवर नेली जात होती. डोंगराच्या बाजूच्या खिडक्यांवर पत्रे ठोकले होते, कारण तापलेले दगड काचा फोडून आत पडत आणि घर पेटत असे. छपरं राखेच्या वजनाने खचू नयेत म्हणून माणसं फावड्याने राख ढकलत होती.

हल्लीचे ड्रोनवरून घेतलेले लाव्ह्याचे व्हिडिओ मी या यादीत घेणार नाही. दिसायला सुरेख असतात, पण त्यांत होडी नसते, आणि होडी नसेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही. वेळ थोडाच असेल तर आधी 'ईझोले दी फुओको' बघा, मग हेमाए. आणि दे सेतांचा 'पेस्केरेच्ची' (१९५८) मिळाला तर सोडू नका. त्यात ज्वालामुखी नाही, इटलीच्याच लांपेदूझा बेटाजवळच्या समुद्रातल्या मासेमारी बोटी आहेत, पण खलाशांचं कष्टाचं जगणं इतक्या जवळून दाखवणारं फार थोडं आहे.