ती वही आधी आईला परत दे

पत्र मोठं आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारी ४४ वर्षांची, नोकरीमुळे पुण्यात, माहेर कराडचं. वडील जाऊन चौदा महिने झाले. वर्षश्राद्धाला घरी गेली तेव्हा कपाट आवरताना एका वहीत वडिलांच्या अक्षरात भा. रा. तांब्यांची 'जन पळभर म्हणतील हाय हाय' ही कविता पूर्ण उतरवलेली सापडली, आणि तेव्हापासून हिची झोप उडालीये. ती लिहिते, 'मावशी, बाबांनी हे का लिहून ठेवलं असेल? आपण विसरून जाणार असं त्यांना वाटत होतं का? आणि झालंही तसंच. "सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामी लागतिल, उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल." वर्षश्राद्धाला महिना झाला नाही तर आई सोसायटीतल्या बायकांबरोबर अष्टविनायकाला जाऊन आली, फोटो पाठवले, सगळ्यांत हसतेय. माझ्याने तिच्याशी बोलवत नाहीये. या कवितेचा अर्थ नीट सांगाल का?'

अगं, सांगते. पण त्याआधी तुझ्याच पत्रातली दोन वाक्यं तुझ्यापुढे ठेवते कारण तू ती लिहिलीस आणि तशीच पुढे निघून गेलीस. एक, 'वही आईच्या हिशेबाची आहे, अलीकडच्या पानावर दुधाचा हिशेब, पलीकडे आईने केलेली दिवाळीच्या सामानाची यादी, ती मी पुण्याला घेऊन आले.' आणि दुसरं पार शेवटी, आईचं हल्ली कशात लक्ष नसतं हे सांगताना, 'आता कॅलेंडरच्या मागे हिशेब लिहिते.'

कॅलेंडरच्या मागे का लिहिते? कारण वही तू उचलून आणलीस! तिला विचारलंस का? पत्रात तरी तसं कुठे नाहीये. आणि तिनेही परत मागितली नाही. ती गप्प बसली याचा तू सोयीचा अर्थ लावलास, की तिला काही पडलेलीच नाही.

मला या बाबतीत तुझा राग आलाय, खरंच सांगते.

जरा डोकं शांत ठेवून बघ. तुझ्या बाबांकडे स्वतःची डायरी नव्हती का, कागद नव्हते का घरात? त्यांनी कविता लिहिली ती बायकोच्या वहीत, जी ती रोज उघडते, आणि शेवटच्या पानावर लपवून नाही तर मधोमध, दुधाच्या हिशेबाला लागून. आणि त्याच्या पुढच्या पानावर आईच्या हाताने रवा, बेसन, डालडा. म्हणजे यादी करायला बसली तेव्हा डाव्या हाताला ती कविता होती, तिने ती वाचली असणारच. पान फाडलं नाही, वही बदलली नाही, शेजारीच सामान लिहिलं आणि त्या वर्षी फराळ झाला, जो तूही खाल्लास. त्या दोघांत यावरून काय बोलणं झालं, झालं की नाही, हे तुला नाही माहीत, मलाही नाही. ते एकाच माणसाला माहीत आहे आणि तू त्याच माणसाशी बोलणं टाकलंयस.

आता कविता. तू मला तीन ओळी पाठवल्यास आणि त्यावर आईला आरोपी करून टाकलंस. तिसऱ्या कडव्यावर थांबलं की ही कविता तक्रार वाटतेच, आणि आपण सगळे ती लताबाईंच्या आवाजात, वसंत प्रभूंच्या चालीत ऐकत मोठे झालोय, त्या सुरात एवढी व्याकुळता आहे की शब्दांकडे लक्षच जात नाही. चाल बाजूला ठेव आणि मोठ्याने वाच. पहिल्या कडव्यात सूर्य, चंद्र, तारे, वारे. मी गेल्याने यांना काही अडथळा होणार आहे का, नाही. दुसऱ्यात कवी खाली येतो, मेघ, शेतं, नद्या. तिसऱ्यात घरात येतो, सखेसोयरे. माणसांना तो सूर्याच्या आणि नदीच्याच रांगेत बसवतोय, त्यांचं कामाला लागणं हे शेत पिकण्यासारखंच, जग चालू राहण्याचाच भाग. आणि कामी लागतील च्या आधी 'डोळे पुसतिल' आहे ना, ते तू वाचलंस पण मोजलं नाहीस. आईचे डोळे कुणी पुसले त्या तेरा दिवसांत, तू होतीस ना तिथे?

मग शेवटचं कडवं, ज्याबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. 'अशा जगास्तव काय कुढावे? मोहि कुणाच्या का गुंतावे?' इथे थोडा रुसवा आहे, मी नाही म्हणत नाही, 'अशा जगास्तव' म्हणताना कवीला लागलंय काहीतरी. पण हे तो कुणाला सांगतोय? मागे राहणाऱ्यांना नाही, स्वतःला. हरिदूत दारात आला तर तोंड का फिरवावं, शांतीत हा देह का विरू देऊ नये, असं स्वतःला विचारतोय. ज्याचा पाय निघत नाही तोच स्वतःची अशी समजूत घालतो, ज्याला कुणाचा मोहच नाही त्याला हे सगळं लिहावं कशाला लागेल? तांबे आयुष्यभर मध्य भारतात राहिले, ग्वाल्हेरचे राजकवी होते, १९४१ साली तिथेच गेले, आणि मरणाबद्दल त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलंय. 'नववधू प्रिया, मी बावरते' वरवर सासरी निघालेल्या मुलीची, पण मरणाकडे निघालेल्या जिवाची म्हणूनही ती वाचतात. निघताना जीव बावरतो, अडखळतो, आणि तरी जायचं ठरवतो.

तू लिहिलंयस की बाबा रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचे. मग दुसरं कडवं परत वाच. 'गर्वाने या नद्या वाहतिल, कुणा काळजी की न उमटतिल, पुन्हा तटावर हेच पाय?' कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या घाटावर रोज चालणारा माणूस ही ओळ लिहून घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात बायकोमुलीचा विसराळूपणा नसतो गं, त्याला ती जागा सोडायची नसते. मला तर संपूर्ण कवितेत सगळ्यात जास्त हीच ओळ दुखते, सखेसोयऱ्यांची नाही. उद्या आपण इथे नसू आणि पाणी असंच जात असेल, एवढंच.

त्यामुळे बाबांना काय वाटत होतं हे मला विचारू नकोस. तू शनिवारी स्वारगेटहून सकाळची एसटी पकड आणि कराडला जा. आधी फोन करून विषय काढू नकोस, फोनवर तुम्ही दोघी भांडाल. वही तिच्या हातात दे आणि म्हण, न विचारता नेली होती, चुकलं. मग ते पान उघड आणि हे बाबांनी कधी लिहिलं ते विचार. ती रडेल किंवा सांगत बसेल किंवा उठून चहा टाकायला जाईल, काहीही करू दे, तू बसून रहा, मध्ये अर्थ सांगायला जाऊ नकोस. कॅलेंडरच्या मागचे हिशेब तिला वहीत उतरवून घ्यायचे असतील तर शेजारी बसून आकडे वाचून दाखव. आणि अष्टविनायकाचे ते फोटो तू बघून काहीच उत्तर दिलं नाहीस, हो ना? ते तिच्याच फोनवर तिच्याबरोबर बस आणि एकेक बघ, कोण कोण होतं, ओझरला कुठे उतरले होते, जेवण कसं होतं, सगळं विचार.