दोन वर्षं शेवटच्या फोनपासून मोजू नका

निपाणीच्या एका वाचकाचं पत्र मे २०२६ च्या पहिल्या आठवड्यात आलं. मुलगी इंजिनिअरिंगला गेली म्हणून २०२३ च्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, त्यांनी कोल्हापुरातल्या दुकानातून ५८,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. हप्त्यांची सवलत मेव्हण्याच्या कार्डावर होती, म्हणून बिलही कोल्हापूरच्या मेव्हण्याच्या नावावर. ११ मार्च २०२४ ला स्क्रीन काळी पडली. सर्व्हिस सेंटरनं दोनदा ठेवून घेतला, ‘दुरुस्त झाला’ म्हणून दोनदा परत दिला, आणि १९ जून २०२४ ला कंपनीचा ई-मेल आला: आत पाणी गेलं आहे, वॉरंटी लागू नाही. तेव्हापासून फोनवर फोन चालले आहेत. या फेब्रुवारीत कुणीतरी ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ म्हणालं. त्यांनी विचारलंय तीन गोष्टींबद्दल. बिलावर ‘न्यायकक्षा कोल्हापूर’ छापलंय, तर तिकडेच जावं लागेल का? कन्नड येत नाही, बेळगावात निभाव लागेल का? आणि आधी वकिलाची नोटीस द्यायची का?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडून अशी पत्रं मला नेहमी येतात. कधी लॅपटॉप असतो, कधी फ्रीज, कधी छतावरची डिश, खरेदी सीमेपलीकडची. सगळे हद्दीचं विचारतात. तारखेचं कुणी विचारत नाही, आणि केस जाते ती तारखेवर.

हद्दीचं लवकर संपवतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, म्हणून ‘कोल्हापूरलाच जावं लागतं’ हा समज अजून टिकून आहे. दुकानदाराच्या बिलावरची छापील ओळ कायद्यानं दिलेला हक्क काढून घेत नाही. तुम्ही निपाणीत राहता, तक्रार बेळगावात होते.

आता खरा मुद्दा. कलम ६९ सांगतं की वादकारण, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आली नाही, तर आयोगानं तक्रार दाखलच करून घ्यायची नाही. सामनेवाल्यानं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं, हा मुद्दा काढला नाही तरी आयोगानं तो स्वतःहून तपासायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्यातल्या अशाच कलमावर २००९ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा ‘कंपनीच्या वकिलाच्या लक्षात येणार नाही’ या भरवशावर राहू नका.

वादकारण कधी घडलं? तुम्ही पत्रात फेब्रुवारीतल्या फोनवर बोट ठेवलंय आणि ‘अजून दोन वर्षं आहेत’ असं लिहिलंय. तसं नाही. नकार मिळाल्यावर तुम्ही कितीही फोन करा, पत्रं लिहा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मुदत थांबत नाही, ती संपतच जाते. कंपनीचे वकील तर पहिला बिघाडच धरतील: ११ मार्च २०२४, म्हणजे मुदत मार्च २०२६ मध्येच संपली. त्याला आपलं उत्तर असं की बिघाडानंतर कंपनीनं दोनदा यंत्र ठेवून घेतलं, दुरुस्तीचा भरवसा दिला, आणि साफ नकार पहिल्यांदा दिला तो १९ जून २०२४ च्या ई-मेलनं. तोवर आयोगाकडे धावण्याचं कारणच नव्हतं. हे उत्तर मला बळकट वाटतं. पण ते उभं आहे दुरुस्तीच्या दोन जॉब शीटवर, म्हणजे यंत्र जमा करताना मिळालेल्या कागदांवर, आणि त्यातली एक तुम्ही हरवली आहे. सर्व्हिस सेंटरला आजच ई-मेल करून तिची प्रत मागा. तुमच्या मोबाइलवर त्या वेळी आलेले मेसेज शोधा. यंत्र जमा केल्याचा एक मेसेज सापडला तरी मोठी मदत होईल.

म्हणजे १९ जून २०२६ ही शेवटची तारीख, तीही आपलं म्हणणं मान्य झालं तर. मी तुमच्या जागी असतो तर मेअखेर धरून चाललो असतो, कारण अर्जात त्रुटी निघाल्या की दिवस जातात. सोबत विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा. ‘मुदत १९ जूनपासूनच धरावी, आयोगाला मार्चपासून धरावीशी वाटली, तर हा विलंब माफ करावा’ असं त्यात लिहा. कलम ६९ मध्ये माफीची वाट आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. तुम्ही दिलेलं ‘तंबाखूच्या वखारीत कामाचा हंगाम होता’ हे कारण टिकणार नाही. हंगाम दोन वर्षं चालत नाही. दुरुस्तीच्या आशेवर तुम्हाला ताटकळत ठेवलं, हे तारखांसह मांडा.

नोटिशीसाठी थांबू नका. ग्राहक तक्रारीआधी वकिलाची नोटीस द्यायलाच हवी असं हा कायदा सांगत नाही. पंधरा दिवसांची नोटीस, मग उत्तराची वाट, यात जून उजाडेल.

कन्नडची भीतीही बाजूला ठेवा. तक्रार इंग्रजीत लिहा. मराठी पत्रव्यवहाराचं भाषांतर जोडावं लागेल. ते कुणी प्रमाणित करायचं ते आयोगाच्या कार्यालयात आधी विचारा. मराठी बोलणारे वकील बेळगावात भरपूर आहेत आणि वकिलाशिवाय स्वतः उभं राहण्याचीही मुभा आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

बिल मेव्हण्याच्या नावावर असल्यानं मला थोडी काळजी आहे. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच, त्यामुळे मुलगी तक्रारदार होऊ शकते. मेव्हण्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडा. त्यांनाही तक्रारदार करावं का, हे बेळगावचा वकील कागद बघून ठरवेल. ते कोल्हापूरचे असल्यानं हद्दीचा प्रश्न निघू शकतो, म्हणून मी इथून ठाम सांगणार नाही. आणि ते थर्मल कागदावरचं बिल तुमच्याच शब्दांत ‘पुसट’ झालंय. ते आणखी पांढरं पडायच्या आत फोटो काढा आणि दुकानाकडून दुसरी प्रत घ्या.

एका गोष्टीचा मात्र मला खरोखर राग आला. पाणी गेलं की नाही हाच वाद असताना तुम्ही गेल्या वर्षी निपाणीतल्या कारागिराकडून लॅपटॉप उघडून घेतला, मुलीच्या फाइली काढायला. आयोग कलम ३८ खाली यंत्र प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतं. तिथं कंपनी म्हणेल, सील आम्ही तोडलं नाही. त्या कारागिराकडून काय उघडलं, आत ओलाव्याच्या खुणा दिसल्या की नाही, हे लिहून घ्या. ते कितपत उपयोगी पडेल हे आत्ता सांगता येत नाही. पण यापुढं त्या लॅपटॉपला स्क्रू ड्रायव्हर लागता कामा नये.

कोर्टाच्या वेळेबद्दल खोटी आशा देत नाही. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा ‘प्रयत्न’ करावा, असं कायदा म्हणतो. तुमच्यासाठी दोन वर्षांची कडक मुदत आणि आयोगासाठी नुसता प्रयत्न, हे मला इतक्या वर्षांनंतरही पटत नाही. निकाल लागेपर्यंत मुलगी कदाचित नोकरीला लागलेली असेल. एक मुदत मात्र तुमच्या बाजूची आहे. सामनेवाल्याला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढं आयोगालाही वाढ देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ४ मार्च २०२० चा निकाल आहे. तोही जुन्या कायद्यावरचा, पण तरतूद नव्या कायद्यात तशीच आली आहे. नोटीस त्यांना कोणत्या दिवशी पोचली ते लिहून ठेवा आणि ४६ व्या दिवशी आयोगासमोर आठवण करून द्या.

दुकान, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही सामनेवाले करा. ई-मेलच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्या आणि मूळ ई-मेल खात्यातून काढू नका. मागणीत आधी पूर्ण किंमत व्याजासह परत, नाहीतर त्याच तोडीचा नवा लॅपटॉप, शिवाय मनस्ताप आणि खर्चाची भरपाई लिहा. पहिले साडेचार महिने यंत्र चाललं म्हणून आयोग रक्कम कमी करू शकतं, पण मागताना तुम्ही ती कमी करू नका.