विकायचं नाही असं एक चित्र

प्रिय मुली,

ऑर्डरी वाढल्यात, भाडं सुटतंय, पण हात पुढे सरकत नाही, असं तू लिहितेस. मग नोकरी धरावी की पोर्ट्रेटच करत राहावीत? त्याचं उत्तर देतो, पण आधी सांग, विकायचं नाही असं चित्र तू शेवटचं कधी काढलंस?

तू पाठवलेली सगळी पोर्ट्रेट नीट पाहिली. चेहरा जुळतो, गिऱ्हाईक खूश होणारच. पण प्रत्येकात हनुवटीखालची सावली एकाच गडद रंगाने भरलेली आहे. तू फोटोवरून काढतेस आणि फोटोत ती तशीच दिसते, तुझा दोष नाही. माणूस समोर बसव. त्याच सावलीत छातीवरून, कपड्यावरून परतलेला मंद उजेड दिसेल, आणि त्या उजेडाने जबडा सपाट न राहता गोलाई घेतो. फोटो हे शिकवत नाही. ऑर्डर तर नाहीच शिकवत, कारण तिथे बिघडवायची मुभा नसते. म्हणून रोज एक चित्र असं काढ, जे विकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही.

वेळ नाही म्हणू नकोस. फ्रेंच चित्रकार आन्री रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता. 1886 पासून प्रदर्शनात चित्रं लावत होता आणि नोकरी सोडली थेट 1893 साली. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. पोटाच्या कामाने कुणी बाटत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवली. बरोबरीचे म्हणायचे, हा पगाराला विकला गेला. मला ते आजही मान्य नाही. पगार होता म्हणून शाळा भरण्याआधीचा वेळ मी कुणाच्याही पसंतीला बांधला नाही. खंत वेगळीच आहे. मधल्या काळात माझी निसर्गचित्रं खपू लागली आणि मी तेच झाड, तेच पाणी काढत राहिलो. हातात सफाई आली, पण बघणं थांबलं. त्या वर्षांत न विकायचं एकही चित्र माझ्याकडे नाही. म्हणून पुन्हा पुन्हा तेच सांगतोय, कंटाळलीस तरी ऐक.

व्यवहाराचं थोडक्यात: निम्मे पैसे आगाऊ घे, बदल किती वेळा करून देणार ते आणि छपाईचे हक्क कुणाकडे राहणार ते लिहून घे. ओळखीच्यांकडूनही. भिडेपोटी फुकट राबलीस तर तो वेळ तुझ्या न विकायच्या चित्रातूनच जाणार आहे.

आता नोकरीचं. घे. पण सकाळचे दोन तास तुझे राहतील अशीच घे. तशी मिळत नसेल तर कमी पगाराची बघ, आणि वाढीव कामाला पहिल्याच आठवड्यात नाही म्हण. पुढे म्हणणं जड जातं.

तुझा,
सर