मोवाड शहर आहे की खेडं, आणि तिथं लोक किती राहतात?

तुम्ही विचारलंय की नागपूर जिल्ह्याच्या नकाशात पार वायव्येच्या कोपऱ्यात मोवाड नावाची नगरपरिषद दिसते, ती नेमकी कुठे आहे, वस्ती किती, आणि एवढ्याशा गावाला नगरपरिषद कशी. मी नागपुरात राहतो, पण माझं आजोळ मोवाडचं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी जागा. नागपूरहून काटोल, काटोलहून नरखेड, आणि नरखेडच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर मोवाड. वर्धा नदीच्या अगदी काठावर. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, वरूड तालुका. आजी पलीकडच्या नातेवाइकांना ‘वऱ्हाडातले’ म्हणायची तेव्हा मला हसू यायचं, कारण ते लोक हाकेच्या अंतरावर राहायचे. पुढे कळलं की ती बरोबर होती. वर्धा ही नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि निजामाचं वऱ्हाड यांच्यामधली जुनी सीमा. राज्यं गेली, प्रांत बदलले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी दोन जिल्ह्यांची हद्द आजही त्याच पाण्यातून जाते. बाजार मात्र हद्द बघत नाही. मोवाडचा माणूस काही कामांना नरखेडला जातो, काहींना सरळ वरूडला.

आता नदी, कारण तिच्याशिवाय या गावाचं काहीच समजत नाही. वर्धा उगम पावते मध्य प्रदेशात, बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईच्या परिसरात. तापीचाही उगम मुलताईलाच. एकाच पठारावरून निघून तापी अरबी समुद्राला मिळते, आणि वर्धेचं पाणी वैनगंगेला भेटून, प्राणहिता होऊन, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. मुलताई समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, नागपूर 310 मीटर. मोवाड मुलताईपासून सरळ रेषेत फक्त चाळीसेक किलोमीटर. म्हणजे सातपुड्याचा उतार उतरून नदी सपाटीला लागते न लागते तोच हे गाव येतं. एप्रिलमध्ये तुम्ही गेलात तर पात्रात वाळू, गोटे आणि मधेमधे डोह दिसतील, आणि ही नदी कुणाचं काही बिघडवू शकते यावर विश्वास बसणार नाही. पण वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला तर ते पाणी इथं यायला दिवस लागत नाहीत. पुढे हीच नदी रुंद होते, मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणात अडते. पण ते धरण मोवाडच्या खाली आहे, मोवाडला त्याचा आडोसा नाही.

30 जुलै 1991 ला तेच झालं. वर्धेला महापूर आला आणि मोवाडमध्ये 204 माणसं गेली. मी तेव्हा नागपुरात शाळेत होतो. आईला दोन दिवस कुणाचीच खबर लागली नव्हती. आजी वाचली. शेजारचं घर वाचलं नाही. नंतर गावाचं पुनर्वसन उंचावरच्या जागेवर झालं. म्हणून आज मोवाडला गेलात तर आखलेले रस्ते आणि एका वयाची घरं दिसतात. नागपूर जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या गावांत असं दिसत नाही, तिथं गल्ल्या वाकड्यातिकड्या आणि वाडे एकमेकांना टेकलेले असतात.

लोकसंख्येबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याचं सरळ उत्तर: दहा हजारांच्या आत. पण या आकड्यामागची एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1991 च्या जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या घडीची वस्ती मोजलेली धरतात ती घडी, होता 1 मार्चचा सूर्योदय. पूर आला त्याच वर्षीच्या जुलैअखेर. म्हणजे 1991 च्या तक्त्यात मोवाडपुढे जो आकडा छापला आहे, त्यात पाच महिन्यांनी वाहून गेलेली माणसं जिवंत मोजलेली आहेत, आणि ती नदीकाठच्या जुन्या घरांत मोजलेली आहेत. त्यानंतरची पहिली मोजणी थेट 2001 ला, नव्या जागेवर. दोन आकडे शेजारी ठेवून कुणी ‘दहा वर्षांत इतकी वाढ, इतकी घट’ असं काढलं तर गणित बरोबर येईल, पण मधे काय घडलं ते त्यात कुठेच दिसणार नाही. मोवाडवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

एवढ्याशा गावाला नगरपरिषद कशी? कारण ती जुनी आहे. इंग्रजांच्या काळात, 1867 मध्ये, मध्य प्रांतात ज्या गावांना नगरपालिका मिळाल्या त्यांत मोवाड होतं. एकदा मिळालेला दर्जा टिकला. जनगणनेत दोन प्रकारे गाव ‘शहर’ ठरतं. जिथं नगरपरिषद, नगरपंचायत असं काही असेल ते आपोआप शहर, माणसं कितीही असोत. ज्याला असा दर्जा नाही, त्याला तीन अटी: किमान 5,000 वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. मोवाड पहिल्या वाटेनं शहर आहे. 2011 ला नागपूर जिल्ह्याची वस्ती 46,53,570 होती आणि त्यातली दोन तृतीयांशाहून अधिक शहरी धरलेली. त्या ‘शहरी’मध्ये 24 लाखांचं नागपूर आहे आणि मोवाड, मोहपा यांच्यासारखी गावंही.

पण सकाळी सहाला मोवाडात उभे राहा. लोक वावरात निघालेले असतात. संत्रा, मोसंबी, कपाशी, तूर यांवर गाव चालतं. कुणाच्या संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) टिकला, कुणाचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) गळाला, व्यापाऱ्यानं झाडावरची बाग कितीला मागितली, चहाच्या टपरीवर हाच विषय. बोअर किती फुटांवर गेली हाही. नदी उशाला असून बागा बोअरच्या पाण्यावर जगतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुलं बारावीनंतर नागपूर, अमरावती, पुणे धरतात आणि जनगणनेत ती तिकडेच मोजली जातात. माझ्या दोन्ही मामेभावांचं तसंच झालं. पोळ्याला मात्र दोघंही घरी येतात.

पुढची मोजणी 1 मार्च 2027 च्या संदर्भानं व्हायची आहे, तेव्हा नवा आकडा मिळेल. तोवर तुम्हाला गाव बघायचंच असेल तर रेल्वेनं नरखेडला उतरा, तिथून पुढे रस्त्यानं जा, आणि आधी नदीकाठची जुनी जागा बघून मग वरच्या वस्तीत या. 30 जुलैला गेलात तर त्या दिवशी गाव आपल्या गेलेल्या माणसांना श्रद्धांजली वाहतं. अनोळखी माणसालाही तिथं कुणी परका म्हणत नाही.