वाचक विचारतात : पदकाच्या कडेवरचे नाव

प्रश्न : पणजोबांच्या लोखंडी पेटीत चांदीचे एक गोल पदक सापडले. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सिंहाजवळ उभी असलेली स्त्री, वर ‘इंडिया’ आणि खाली १८५७–१८५८ असे आकडे आहेत. वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘सेंट्रल इंडिया’ असे लिहिले आहे. सराफ म्हणतात, उजळून देतो, नाहीतर मोडीत द्या. काय करावे? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : मोडीत देण्याचा विचार सोडाच, पण उजळूही नका. १८५७ चा उठाव मोडून काढणाऱ्या फौजांसाठी हे पदक १८५८ मध्ये काढण्यात आले. त्यावर लावायच्या पट्ट्या पाच होत्या : तीन एकट्या लखनौच्या, एक दिल्लीची आणि पाचवी तुमच्याकडे आहे ती. इंग्रज सेनापती सर ह्यू रोज यांच्या फौजेने १८५८ च्या पूर्वार्धात झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर घेतले, त्या मोहिमेतील शिपायांना ही पट्टी मिळाली, आणि त्या फौजेत हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्याही होत्या. निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या या कंटिन्जंटच्या छावण्या हिंगोली, जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे असल्यामुळे हिंगोलीच्या घरात असे पदक निघावे यात नवल नाही. झाशीच्या राणीविरुद्धच्या मोहिमेची ही खूण आहे, हे घरातल्या कोणाला बोचेल. मात्र जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत इंग्रजांविरुद्ध उठलेले घोडेस्वारही याच कंटिन्जंटचे होते.

आता सराफाकडचे भिंग मागून घ्या आणि पदक उजेडात आडवे धरून त्याची कड सावकाश फिरवत पाहा. कडेवर ठोकलेले नाव आणि पलटण वाचता आली, तर संग्राहकाच्या दृष्टीने पदकाचे खरे मोल तिथे आहे. चांदीचे वजन त्यापुढे गौण ठरते. नाव कानशीने घासून त्या जागी दुसरे कोरण्याची लबाडी जुनीच आहे, म्हणून व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या कॅलिपरने, तीन-चार ठिकाणी व्यास मोजा. तो ३६ मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखा असावा. एखाद्या जागी कमी भरला, तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे. चिंच, राख किंवा दंतमंजन लावून घासले की दर वेळी चांदीचा बारीक थर निघून जातो. तरुणपणी मी स्वतः एक पदक चिंचेने लख्ख केले आणि शिपायाच्या नावाची दोन अक्षरे कायमची घालवली, तेव्हापासून काळी पडलेली चांदी मला आवडू लागली! पदक मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याला रबर बँड लावू नका, कारण रबरातील गंधकाने चांदी काळवंडते.

प्रश्न : असईच्या लढाईचे पदक एकाने विकायला काढले आहे. ते १८०३ सालीच घडवले, असे तो सांगतो. घ्यावे का? — एक वाचक, जालना

उत्तर : इंग्रज आणि मराठे यांच्यातील ही लढाई तुमच्याच जिल्ह्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली हे खरे, पण पदक मंजूर झाले १८५१ मध्ये. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असतो आणि राणीचा जन्म १८१९ चा, तेव्हा विक्रेत्याचे सांगणे इथेच कोलमडते. अठ्ठेचाळीस वर्षांनी जे हयात होते त्यांनाच ते मिळू शकले, म्हणून असईची पट्टी असलेले अस्सल पदक दुर्मीळ आहे आणि नकली पदके करणाऱ्यांना त्याचा मोह पडतो. मागच्या बाजूला ताडाच्या झाडाखाली बसलेली विजयदेवता आणि १७९९–१८२६ ही साले असतात. पट्टीवरच्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आजच्या स्पेलिंगपेक्षा एक ‘ए’ कमी असतो, म्हणजे Assaye ऐवजी Assye. तो मधला ‘ए’ दिसला तर संशय घ्या. साच्यात ओतलेल्या नकलेवर भिंगातून बारीक खळगे आणि बोथट अक्षरे दिसतात. पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून कडेचे स्पष्ट फोटो मागवा, आणि त्याने टाळाटाळ केली तर बोलणी तिथेच थांबवा.