गुलमर्गच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाचे पैसे आधीच भरावेत का?

रावेर तालुक्यातील एका केळीबागायतदार वाचकांचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत पत्नी, आई आणि दहा वर्षांच्या मुलासह ते गुलमर्गला चार रात्री राहणार आहेत. खोलीभाड्यात नाश्ता आहे. दोन्ही वेळच्या जेवणासाठी हॉटेल मोठ्यांना रोज २,६०० व मुलाला १,३०० रुपये जादा मागते, तर फक्त रात्रीच्या जेवणासाठी १,४०० व ७००. शिवाय एका रात्री माणशी ३,५०० रुपयांचे काश्मिरी-इटालियन ‘फ्युजन’ जेवण आहे. हे सारे क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत घ्यावे का, असे ते विचारतात.

रात्रीचे जेवण घ्यावे, दुपारचे घेऊ नये. आपल्या खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असल्याने जेवणावरही बहुधा १८ टक्के जीएसटी लागेल, असे धरावे. त्यासह दोन्ही जेवणांचे ४२,९५२ रुपये होतात आणि फक्त रात्रीचे २३,१२८. म्हणजे दुपारच्या ताटांसाठी आपण १९,८२४ रुपये मोजणार. त्या चार दुपारींपैकी एक खोली सोडण्याच्या दिवशी येते, तेव्हा आपण श्रीनगरच्या वाटेवर असाल. उरलेल्या तिन्ही दुपारी गंडोलाच्या म्हणजे रोपवेच्या रांगेत, त्याच्या वरच्या कोंगडोरी थांब्याच्या बर्फात किंवा मुलाच्या स्की-शिकवणीत जातील, आणि भरलेले पैसे वसूल करायला कोणी डोंगर उतरून हॉटेलात येत नाही. तिन्ही वेळा आलातच, तरी चौघांचे एक जेवण ६,६०८ रुपयांना पडते. वर राजमा-चावल, मॅगी, कहवा मिळतो. तेवढ्यावर दुपार निभावते. रात्री मात्र कडाक्याच्या थंडीत आईंना घेऊन बाहेर जेवण शोधत फिरणे व्यवहार्य नाही.

फ्युजनचे मेनूकार्ड आपण पाठवले, ते मी नीट वाचले. सातपैकी चार पदार्थ मटणाचे आहेत. गुश्ताबा, म्हणजे दह्याच्या रश्शातले मटणाचे गोळे, तोसुद्धा पास्त्याबरोबर येतो. आई माळकरी आहेत, तेव्हा त्यांच्या वाट्याला मुख्यतः नदरू यखनीचा रिसोटो, म्हणजे दह्याच्या रश्शातली कमळकाकडी आणि मऊ भात, एवढेच येईल, आणि त्यासाठी करासह ४,१३० रुपये देणे मला पटत नाही. (घरून नेलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांना अधिक रुचेल, असा माझा अंदाज आहे.) हे जेवण आपण उभयतांनी घ्यावे: ८,२६० रुपये. त्या रात्रीच्या आपल्या दोघांच्या नेहमीच्या जेवणाचे करासह ३,३०४ रुपये वळते करण्यास हॉटेल तयार झाले, तर खरा बोजा ४,९५६ रुपयांचाच राहतो, आणि सहलीतली ही एक हौस मी कापणार नाही. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले दिसल्यास ते काढायला सांगावे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे ते सक्तीने घेऊ देत नाहीत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली आहेत.

हप्त्यांच्या भानगडीत पडू नये. ‘नो-कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी, म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो. बुऱ्हाणपूरचा केळीचा भाव सहा महिने कसा राहील यावर जेवणाचे हप्ते टांगू नयेत; जानेवारीत आपली ८०,००० रुपयांची आवर्ती ठेव मुदतपूर्ण होते, त्यातूनच हा खर्च भागवावा.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मात्र एक गोष्ट हॉटेलकडून लेखी घ्यावी: टंगमर्गहून वर जाणारा रस्ता बर्फामुळे बंद राहिला आणि आपण एक दिवस उशिरा पोहोचलात, तर त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे परत मिळणार की बुडणार.