इमारत अतिधोकादायक यादीत, तरी मावशी खोली का सोडत नाहीत?

तुमच्या मावशींची गिरगावातली इमारत म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत आलीय, एका खोलीत सहा माणसं आहेत, तरी कुणी हलत नाही. हा हट्टच ना, असं तुम्ही विचारलंय.

मी काळबादेवीला अशाच उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतीत राहतो. एकशे साठ चौरस फुटांत आम्ही सात जण. दादा-वहिनी पोटमाळ्यावर, आई-बाबा, आजी आणि पुतण्या खाली, मी गॅलरीत. पाऊस तिरका आला की माझी गादी मोरीला खेटून. गॅलरीला टेकू लागलेत, त्यांना खिळे ठोकून आम्ही रेनकोट अडकवतो. टेकूची भीती महिनाभरात मरते.

पावती हातची जाण्याची भीती मात्र मरत नाही. पागडीत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या खोलीत, इमारत घरमालकाची, आपल्या हातात फक्त भाडेपावती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच एवढासा की आमचं भाडं आजही दुधाच्या बिलापेक्षा कमी. एवढ्यात मालक दुरुस्ती कशाला करेल? खोल्या रिकाम्या झाल्या तर त्याचं बरंच होतं, हे सगळ्या बिऱ्हाडांना कळतं.

बाहेर पडायचं तर संक्रमण शिबिर, म्हणजे इमारत पुन्हा बांधून होईपर्यंत म्हाडा देते ती तात्पुरती खोली. प्रतीक्षानगरला, मानखुर्दला ‘तात्पुरते’ गेलेल्यांची मुलं तिथेच लग्नाला आली. आमची वहिनी इथल्या व्यापारी पेढ्यांवर जेवणाचे डबे पुरवते. एवढ्या लांब मानखुर्दहून ते कसं जमायचं? उलट पुनर्विकास झालाच, तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली किमान ३०० चौरस फूट मिळतात. जवळजवळ दुप्पट! त्या आशेवर माणसं एकेक पावसाळा ढकलतात.

म्हणून थांबणं शहाणपणाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. तीही आधीच धोकादायक ठरलेली होती.

मावशींशी वाद घालण्याआधी पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायच्या मागे लागा. खोली सोडायची वेळ आली तर भाडेकरूचं नाव आणि खोलीचं क्षेत्रफळ सरकारी यादीत नोंदवून, सही-शिक्क्याची प्रत हातात घेऊनच सोडा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलंय. पण तो हक्क सांगायला कागद लागतो, आणि ढिगाऱ्यात पहिला तोच जातो. मूळ पावत्या आजच तुमच्या घरी आणून ठेवा.

पोरं आणि म्हातारी माणसं जून ते सप्टेंबर तुमच्याकडे न्या. पाहुणे म्हणून गेल्याने कुणाचा ताबा जात नाही. एवढ्याला मावशी बहुतेक तयार होतील. बाकीच्यांची समजूत त्यानंतर काढता येईल.